त्या जुन्या वीज कंपनीच्या पैशांबद्दल

चि. मनू,

रविवारी तू फोन मधेच ठेवलास, त्यानंतर आई नीट जेवली नाही आणि मीही गप्पच होतो. "आता हे पण तुम्हाला सांगायचं का" म्हणालीस. नको सांगूस सगळं. पण रोहनरावांच्या तोंडून निघालं नसतं तर लेस्टरच्या घराची जुनी वीज कंपनी चुकून दुसऱ्यांदा दिलेल्या रिफंडाचे 286 पाउंड परत मागतेय हे आम्हाला कळलंच नसतं, आणि ते पैसे वापरून झालेत हे तर नाहीच. घरभाडं वाढलंय का गं? पैसे पुरतायत ना? बरं, हे विचारणार नव्हतो, मुद्द्यावर येतो.

रोहनराव म्हणतात चूक कंपनीची, वर्ष उलटून गेलं, आता मागता येत नाही. मी ऑफजेमचं, म्हणजे तिथल्या वीज-गॅस नियामकाचं, वाचलं. 2018 पासूनचा तो बारा महिन्यांचा नियम वापरलेल्या वीज-गॅसच्या बिलासाठी आहे, कंपनीने वेळेत बिल केलं नाही तर वर्षापूर्वीच्या वापराचे पैसे लावायचे नाहीत असा. चुकून दोनदा जमा झालेला रिफंड हे वेगळं प्रकरण. इंग्लंडमध्ये असे पैसे मागायला साधारण सहा वर्षांची मुदत असते. म्हणजे पत्र ड्रॉवरमध्ये टाकून ते मिटत नाही, उद्या वसुलीवाल्यांकडे दिलं तर तुलाच मनस्ताप.

पण लगेच पैसे भरू पण नकोस! आधी पत्र खरं आहे का बघ, त्यातल्या नंबरवर फोन न करता जुन्या बिलावरच्या नंबरवर कर. मग लेखी हिशोब माग, दोन्ही रिफंडच्या तारखा, फायनल बिल कुठल्या रीडिंगवर केलं ते सगळं. मी सांगलीत बिलिंगला आयुष्य काढलं, मला वाटतं पहिलं बिल अंदाजे रीडिंगवर निघालं असणार, मग तू पाठवलेल्या मीटरच्या फोटोवरून सुधारित बिल, आणि आधी दिलेली रक्कम वजा न करता दुसऱ्यांदा पैसे सोडले. असं असेल तर दुसऱ्या रिफंडातले थोडे तुझेच निघतील, सगळे 286 त्यांचे असतीलच असं नाही. बँकेचं स्टेटमेंट समोर घेऊन बस. जे खरंच जास्तीचे आलेत ते द्यायचे, आणि एकदम जमत नसेल तर हप्ते माग, चूक त्यांची आहे तर त्यांनी थांबलं पाहिजे. ऐकलं नाही तर लेखी तक्रार टाक, आठ आठवड्यांत सुटली नाही तर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे वीज-गॅसच्या तक्रारी सोडवणाऱ्या लवादाकडे, जाता येतं, फुकट असतं ते. शेवटी खातं शून्य झाल्याचं लेखी घे, हे विसरू नकोस.

लेक्चर झालं, माफ कर. तू तिथल्या हॉस्पिटलात केवढ्या जबाबदारीचं काम करतेस आणि मी तुला फोन कसा करायचा ते शिकवतोय.

आपल्या जुन्या घराच्या पडवीतला तो काळा मीटर आठवतो का, चकतीवाला? तू स्टुलावर चढून लाल खूण किती वेळा फिरते ते मोजत बसायचीस आणि आईने मिक्सर लावला की ओरडायचीस, बाबा पळायला लागली! दहावीला तर भारनियमनात चार्जिंगच्या दिव्याखाली अभ्यास केलास, लाइटवाल्याच्या घरात लाइट नाही म्हणून मैत्रिणी चिडवायच्या, पण तू कधी तक्रार केली नाहीस. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं, आता त्याचीच भीती वाटते. तुला कमी पडत असेल तरी तू बोलणार नाहीस. म्हणून परत विचारतो, रागावू नकोस, पुरतंय ना? इथून पैसे कसे पाठवायचे ते बँकेत विचारून ठेवलंय, फॉर्म पण आणलाय. रोहनरावांना वाईट वाटणार असेल तर त्यांना सांगू नकोस. नाही, तसं नको, दोघं बोलूनच ठरवा.

आईने मेतकूट आणि गोडा मसाला बांधून ठेवलाय, कुलकर्णींची सून पुढच्या महिन्यात तिकडे येतेय. नवीन घराचा पूर्ण पत्ता पाठव. आणि त्या पत्राचा फोटो मला व्हॉट्सॲपवर टाक, दोन्ही बाजूंचा, हिशोब मी बघतो. बिलाच्या धास्तीने हिटर बंद ठेवून बसू नकोस.

तुझे बाबा