काकू, तुमच्यामुळे बाबांना 'बाबा' वाचता आलं

कोर्टामागच्या गल्लीतल्या शिक्केवाल्या काकूंना,

सप्रेम नमस्कार. तुम्ही मोबाईलवर फार वाचत बसत नाही हे माहितीये, पण तुमची लेक वाचून दाखवेल म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितेय. परवा सांगायला आले होते तेव्हा वकिलांच्या क्लार्कची रांग लागली होती, तुम्ही "बरं झालं गं" म्हणालात आणि लगेच पुढचं काम हातात घेतलंत, मला जे बोलायचं होतं ते पोटातच राहिलं.

बाबांची पंचाहत्तरी होती. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेलेत, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, हे आता आम्ही सगळ्यांनी मान्य केलंय. लोक म्हणतात ब्रेल शिकवा. ब्रेल फार मोठी गोष्ट आहे, सहा टिंबांत अख्खी मराठी बसते, पण बाबांना नवीन काही नको होतं, त्यांना त्यांचीच अक्षरं हवी होती. कारण बाबा कंपोझिटर. ऑफसेट छपाई आणि कॉम्प्युटरवरचं डीटीपी येईपर्यंत छापखान्यात अक्षरांच्या खणांच्या केससमोर उभं राहून खिळे (शिशाची सुटी अक्षरं) जुळवले त्यांनी. खिळा उचलला की अंगठ्याला त्याची खाच लागायची, कुठली बाजू वर ते न बघता कळायचं. १८६९ साली जावजी दादाजींनी काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचा विषय निघाला की अजूनही जेवण थंड होईपर्यंत बोलतात, अक्षराचं वळण म्हणजे तसं असावं म्हणतात. अशा माणसाला वाढदिवसाला छापील गुळगुळीत कार्ड काय द्यायचं? मला उठावाचं अक्षर द्यायचं होतं, बोट फिरवलं की लागेल असं.

एम्बॉसिंग मला येतं. हळू सुकणाऱ्या पिगमेंट शाईचा शिक्का जाड कार्डावर उठवायचा, शाई ओली असतानाच पावडर टाकायची, जादाची झटकायची, मग हीट गन. पावडर वितळून रेघ अशी टचकन वर येते. (हेअर ड्रायरने होत नाही हो, किती जणी विचारतात, वारा जास्त आणि उष्णता कमी, पावडर वितळायच्या आधी उडूनच जाते.) अडचण शिक्क्याची होती. क्राफ्टच्या दुकानांत फुलं मिळतात, फुलपाखरं मिळतात, इंग्लिश हॅपी बर्थडे वाट्टेल त्या वळणात मिळतं, पण देवनागरीत साधं 'बाबा' कुठे मिळेना.

तुमच्याकडे यायच्या आधी काय काय ऐकलं ते सांगितलं तर तुम्हाला राग येईल. एका ऑनलाईन कार्डवालीने उठावाची अक्षरं नक्की करून देते म्हणून पूर्ण पैसे आधी घेतले आणि सोनेरी फॉइलचं सपाट कार्ड पाठवलं, फोन केला तर म्हणे मॅडम दिसायला किती रिच आहे बघा. दिसायला! दोनदा सांगितलं होतं तिला की बाबांना दिसत नाही. आणि एका क्राफ्ट क्लासमध्ये बाईंनी सगळ्यांच्या देखत विचारलं की दिसतच नाही तर कार्ड कशाला, त्यापेक्षा गाण्यांचा स्पीकर द्या ना. मी घरी येऊन रडले. स्पीकर आहे आमच्याकडे. माणसाचे डोळे गेले म्हणजे त्याचं वाचणंच संपलं असं किती सहज धरून चालतात लोक.

तुम्ही मात्र कशाला, कोणासाठी असं काही विचारलं नाहीत, फक्त "केवढा हवाय?" एवढंच. शिक्का दिलात, मी घरी जाऊन कार्ड केलं, छान चकचकीत काळं अक्षर उठलं, तुम्हाला दाखवायला घेऊन आले आणि तेव्हा सांगितलं की बाबांना दिसत नाही. आत्तापर्यंत ज्याला दाखवलं तो बघून "वा छान" म्हणत होता. तुम्ही बघितलंच नाहीत. हाताची शाई फडक्याला पुसलीत, पुसून पुन्हा एकदा पुसलीत, डोळे मिटलेत आणि बोट फिरवायला लागलात. समोर एक वकील सही-शिक्क्यासाठी घाई करत होते, "एक मिनिट साहेब" म्हणालात, तेही डोळे न उघडता. आणि मग म्हणालात, "ह्याचं पोट भरलंय गं. आतली रेघ लागतच नाहीये. ब आहे का व आहे कसं कळायचं त्यांना? वावा वाचतील."

काकू, खरं सांगते, तिथेच माझे डोळे भरून आले. त्यांच्या जागी जाऊन बघावं हे तोपर्यंत कोणालाही सुचलं नव्हतं, आणि तुम्ही ते काही विशेष करतोय असं न दाखवता करून टाकलंत. मग बिलाच्या मागे पेनाने मोठ्या पोटाचा, बारीक रेघांचा ब काढलात, म्हणालात शाई पसरते तेवढी जागा आत सोडावी लागते, तुझी पावडर तर अजून फुगते, मग दुप्पट सोडू. त्याच संध्याकाळी दुसरा शिक्का तयार, आणि पैसे घ्यायला नाही म्हणालात.

अशी माणसं असतात म्हणून चालतं बघा सगळं. बाबांनी पाय खाली ठेवून दुसरा पाय टेकवेपर्यंत बस थांबवून धरणारा आमच्या रूटचा कंडक्टर आहे, सुट्टे देताना प्रत्येक नोट किती रुपयांची ते बोलून हातात ठेवणारा वाण्याचा मुलगा आहे. ह्यांना कोणी ट्रेनिंग दिलेलं नाही, ह्यांचे फोटो कुठे लागत नाहीत. नीट वागतात, बास.

वाढदिवसाच्या सकाळी चहानंतर कार्ड दिलं. बाबांचं बोट आधी शिरोरेषेवरून सरळ गेलं, मग खाली उतरलं, पोटात शिरलं, तिरक्या रेघेवर थांबलं. "ब." मग काना. मग पुढचं बोट न लावताच म्हणाले, "बाबा." आई तिकडे स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभीच राहिली. आणि बाबांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? थँक्यू नाही, कोणी आणलं नाही. "हा टाईप कोणी कापलाय?" मी तुमचं सांगितलं. मग त्यांना शिक्काच हातात हवा होता, रबरावर उलटं असलेलं अक्षर त्यांनी कार्डापेक्षा पटकन ओळखलं, आणि म्हणाले पोट मोकळं ठेवलंय, बाई जाणकार आहे. बाबा असं सहसा कोणाला म्हणत नाहीत हो, छापखान्यात सुद्धा म्हणायचे नाहीत.

आता त्यांना तुमच्या दुकानात यायचंय. जुने शिक्के हाताळायचेत, काही प्रश्नही काढून ठेवलेत, विशेषतः जोडाक्षरांचे, तेव्हा तयारीत राहा. शनिवारी दुपारी गर्दी कमी असते म्हणालात ना, त्या वेळी घेऊन येते. आणि दुसऱ्या शिक्क्याचे पैसे ते स्वतः देणार आहेत, कामाचे पैसे कामगाराने घेतलेच पाहिजेत असं त्यांचं म्हणणं आहे, त्यांना काही नाही म्हणू नका.

तुमची,
'बाबा'वाली