शब्दांच्या यादीला चौथा रकाना हवा

मा. संपादक,

शहरातल्या अभ्यासिकांमधून इंग्रजी शब्दांच्या झेरॉक्स याद्या फिरत असतात. शब्द, समानार्थी, विरुद्धार्थी असे तीन रकाने. मुले त्या घोकतात आणि पेपरात वाक्यातली गाळलेली जागा आली की अडतात. शब्द कोणासोबत नांदतो हे यादीत कुठेच नसते.

मराठीत हे न शिकवता कळते. पाणी आणि जल समानार्थी खरे, पण शुद्धीकरण केंद्र जलाचे आणि टँकर पाण्याचा. घरात कुणी ‘पेलाभर जल दे’ म्हटले तर हसू होईल. तसेच ‘बाय’ आणि ‘परचेस’चे. भाजी ‘बाय’ करतात, निविदेत ‘परचेस’ शोभतो. कडक चहा ‘स्ट्राँग’, ‘पॉवरफुल’ नव्हे. वारा ‘स्ट्राँग’, पाऊस मात्र ‘हेवी’. ‘फेमस’समोर ‘नोटोरियस’ छापणाऱ्याने तर नामवंत आणि कुप्रसिद्ध एकाच पंगतीला बसवले!

विरुद्धार्थी शब्दांत घोळ अधिक. ‘ड्राय’ला ‘वेट’ हे ठरलेले उत्तर. पण नाशिकच्या वाइनच्या बाटलीवरच्या ‘ड्राय’ला विरुद्ध शब्द ‘स्वीट’. ‘ओल्ड’ माणसाला ‘यंग’, ‘ओल्ड’ पिशवीला ‘न्यू’. उपसर्गही फसवे. ‘इन’ लागला की अर्थ उलटतो असे धरून चालणारा ‘इनव्हॅल्युएबल’चा अर्थ कवडीमोल असा लिहितो, खरा अर्थ आपल्या ‘अमूल्य’सारखाच. टँकरवर ‘इन्फ्लेमेबल’ लिहिलेले असेल तर आतला माल पेट घेणारा आहे, हे तरी प्रत्येकाला ठाऊक हवे.

मराठी अर्थ जरूर पाहावा, मात्र त्यानंतर इंग्रजी व्याख्याही वाचावी, तीही शिकणाऱ्यांसाठीच्या कोशातली. लाँगमनच्या १९७८ सालच्या कोशाने व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांत बसवल्या. मोठ्या कोशात एक शब्द बघायला जावे तर व्याख्येतले आणखी तीन शोधावे लागतात.

दिवसाला आठ शब्द पुरेत. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पुढे शब्द गाळून वाक्य लिहावे. मागे तो शब्द, व्याख्या, एक समानार्थी आणि तो याच वाक्यात चालतो की नाही याचा शेरा. विरुद्धार्थी त्याच दिवशी घेऊ नये. ‘लेंड’ आणि ‘बॉरो’ एकत्र शिकले की उसने देणे कोणते नि घेणे कोणते, हा गोंधळ पुढे वर्षानुवर्षे सुटत नाही. पहिला पक्का झाला की आठवड्याने दुसरा. उजळणी दुसऱ्या, चौथ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी, वाक्य बघून शब्द आठवत करावी. नुसते वाचत गेले की सगळेच ओळखीचे वाटते.

याद्या काढणाऱ्यांना विनंती, वाक्याचा चौथा रकाना घाला. पाने वाढत असतील तर शब्द निम्मे करा.

– इंग्रजी शिकवणारे काही जण, नाशिक