जुने ट्रॅक वाजवा, पण पळवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत डीजे लोकांवर जे टिपण आलं होतं ते वाचलं, म्हटलं कुणीतरी उत्तर देईल, कुणी दिलं नाही म्हणून मीच लिहितोय. (आपल्याकडे डीजे म्हटलं की मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती आठवतात, त्या भांडणात मला पडायचं नाही, मी इलेक्ट्रॉनिक म्युझिकचे सेट वाजवणाऱ्या माणसांबद्दल बोलतोय.) टिपणाचा एकूण सूर असा की आजच्या डीजेंकडे स्वतःचं काही उरलं नाही म्हणून ते ऐंशी-नव्वदच्या दशकातले ट्रॅक काढून वाजवतात, थोडक्यात शिळ्या कढीला ऊत.

हे वाचून जरा हसू आलं, कारण हे म्युझिक जन्मालाच आलं ते जुन्या रेकॉर्ड वाजवण्यातून. शिकागोत १९७७ साली वेअरहाउस नावाचा क्लब सुरू झाला, तिथे फ्रँकी नकल्स वाजवायचा, नाचायला येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो गे तरुण. मग १२ जुलै १९७९ ला त्याच शहरात कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर लोकांनी डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग रचून तो स्फोट करून उडवला, मैदानात एवढा धुडगूस झाला की पुढची मॅच रद्द करावी लागली. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून हात काढून घ्यायला सुरुवात केली, नवा माल आटला. मग नकल्स काय करायचा, तर जुन्याच रेकॉर्ड रीलच्या टेपवर घ्यायच्या, कापायच्या, जोडायच्या, नाचायचा भाग लांबवायचा, खाली ड्रम मशीन लावायचं, आणि यातूनच हळूहळू हाउस म्युझिक उभं राहिलं. त्याला कुणी विचारलं असतं का की बाबा तुझ्याकडे नवीन काही नाही का? २००४ मध्ये शिकागोने त्या क्लबच्या रस्त्याला त्याचं नाव दिलं.

तेव्हा जुनं वाजवण्याला माझी काहीच हरकत नाही, उलट अजून वाजवा. माझं भांडण आहे ते कसं वाजवतात यावर, आणि ते तुमच्या लेखकाच्या लक्षातच आलं नाही.

आत्ताचा टेक्नो (ठोक्यांवर चालणारं क्लबचं इलेक्ट्रॉनिक म्युझिक) १४०-१४५ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या ठोक्यांना, पळतो, कधी त्याच्याही वर. शिकागोचा जुना हाउस ट्रॅक १२० च्या आसपास असतो. आता १४५ च्या सेटमध्ये तुम्ही १२० चा ट्रॅक घुसवायचा म्हटलं तर तो २० टक्क्यांच्या वर पळवावा लागतो. टेक्निक्स कंपनीच्या जुन्या टर्नटेबलवर (रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रावर) हे जमतच नव्हतं, तिथे वेग बदलणारी पिचची पट्टी वर-खाली ८ टक्के एवढीच सरकायची, म्हणजे १२० ची रेकॉर्ड ताणून ताणून १२९-१३० पर्यंत, त्याच्या पुढे यंत्रच नाही म्हणायचं. आता पेनड्राइव्हवरून वाजवताना मास्टर टेम्पोचं बटण दाबलं की सूर तोच राहतो आणि वेग पाहिजे तेवढा वाढतो, म्हणून कुणी थांबत नाही. पण ड्रमचा आवाज चिरफाळतो, ट्रॅकमधल्या टाळ्यांचा आवाज फाटतो, मुख्य म्हणजे दोन ठोक्यांमधली जी मोकळी जागा असते, जिच्यावर माणूस खरा नाचतो, ती जातेच. उरतं काय, तर ओळखीचा एक तुकडा, लोक ओळखतात, मोबाइल वर करतात, दीड मिनिटात पुढचा ड्रॉप, म्हणजे ठेका दणक्यात परत येतो ती जागा. शिकागोच्या फ्यूचर या ग्रुपचा १९८७ चा ‘अॅसिड ट्रॅक्स’ घ्या, मूळ ट्रॅक दहा मिनिटांपेक्षा मोठा आहे, त्यात घडत तर काहीच नाही, एक बेसचं मशीन आहे आणि त्याची बटणं कुणीतरी सावकाश फिरवतंय, पण त्या सावकाश फिरवण्यातच सगळी मजा आहे. त्याचा दीड मिनिटाचा तुकडा म्हणजे विलंबित ख्यालातून नुसती तिहाई काढून ऐकवण्यासारखं झालं. असं सांगतात की शिकागोच्याच म्युझिक बॉक्स क्लबमध्ये तिथला डीजे रॉन हार्डी याने तो पहिल्यांदा लावला तेव्हा फ्लोअर रिकामा झाला, त्याने त्याच रात्री परत लावला, परत लावला, चौथ्यांदा लावला तेव्हा लोक वेडे झाले. आज एवढा धीर कुणाकडे आहे सांगा.

आता कुणी म्हणेल वेग बदलणं हेच तर डीजेचं काम. मान्य, आणि याचं सगळ्यात भारी उदाहरण बेल्जियममधलं आहे. ऐंशीच्या दशकात अँटवर्पच्या एका क्लबमध्ये अ स्प्लिट-सेकंड या बँडची ‘फ्लेश’ ही मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाची रेकॉर्ड ३३ वर लावून पिच ८ टक्क्यांपर्यंत वर नेऊन वाजवली, हिशोब केला तर मूळ वेगापेक्षा २० टक्के हळू, आणि त्या जड, रेंगाळणाऱ्या ठेक्यातून न्यू बीट नावाचं अख्खं नवं म्युझिक निघालं. म्हणजे २० टक्क्यांचा फरक इथेही आहे आणि आपल्या आजच्या डीजेंच्यातही आहे. पण हळू केल्यावर त्या रेकॉर्डमधल्या आधी न ऐकू आलेल्या गोष्टी बाहेर आल्या, पळवल्यावर आहे तेही दिसेनासं होतं. अर्थात हे माझं मत झालं, जंगल आणि हार्डकोर या वेगवान म्युझिकचे लोक माझ्यावर धावून येतील आणि त्यांचंही काही चुकीचं नाही, त्यांनी जुन्या ड्रमचे तुकडे पळवूनच आपलं म्युझिक बनवलं. पण त्यांनी तुकड्यातून नवीन काही बनवलं, इथे नुसतं ओळखीचं काहीतरी दाखवून टाळ्या घ्यायच्या असतात.

आणि वेगाला हात न लावता अख्खी रात्र नाचवता येते हे बघायला फार लांब जायला नको, आपल्या शेजारी गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर हेच चालायचं. तिथल्या उन्हात आणि धुळीत रेकॉर्ड वाकायच्या, खराब व्हायच्या, म्हणून तिथले डीजे आधी कॅसेटवर आणि नव्वदच्या दशकात डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेपवर वाजवायचे. लॉरां नावाचा फ्रेंच डीजे तर युरोपातले इलेक्ट्रोचे ट्रॅक कॅसेटवर घेऊन त्यातलं गाणं कापून टाकायचा, फक्त ठेका आणि सिंथेसायझर ठेवायचा. डॅटला पिच कंट्रोल नसायचा, दोन ट्रॅकचे बीट जुळवायची सोयच नाही. मग एक ट्रॅक संपताना नुसते आवाज उरायचे, त्याच्यावर पुढच्याची सुरुवात अलगद यायची, प्रत्येक ट्रॅक त्याच्या त्याच्या वेगात. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेले डीजे गोवा गिल (२०२३ मध्ये गेले) तासन् तास असंच वाजवायचे. यंत्राची अडचण होती म्हणून का होईना, पण ट्रॅक पूर्ण ऐकू यायचा.

अजून एक बारीक वाटेल पण महत्त्वाची गोष्ट, आवाजाची. १९८७ चा ट्रॅक आणि आत्ताचा ट्रॅक शेजारी शेजारी लावला की जुना बारीक, पातळ वाटतो. कारण हल्ली मास्टरिंग करताना सगळं दाबून दाबून वरच्या पातळीला आणून ठेवतात, तेव्हा तसं करत नसत. त्यावर उपाय एकच, मिक्सरवर त्या चॅनेलचा ट्रिम, म्हणजे आवाजाची पातळी, थोडा वर घ्यायचा, एका बटणाचं काम आहे. पण बरेच जण ते करत नाहीत, मग क्राउड म्हणतं जुन्यात दम नाही. त्यात ट्रॅक यूट्यूबवरून उतरवलेला असला तर बोलायलाच नको, इअरफोनमध्ये खपून जातं पण मोठ्या सिस्टिमवर वरचा चमचमीतपणा सगळा गायब, झांजा वाळूसारख्या वाजतात. ज्याचा पास हजारात विकला जातो त्या कार्यक्रमात शंभर-दीडशे रुपये टाकून ट्रॅकची नीट फाइल विकत घ्यायला काय हरकत आहे? मूळ बनवणाऱ्यालाही दोन पैसे जातील.

आता संपादक महोदय, तुमच्याकडे एक मागणी आहे. अशा कार्यक्रमांच्या बातमीत लेझर, गर्दी आणि सेलिब्रिटी सोडून काहीच नसतं. एखाद्या वार्ताहराला सांगा की काय वाजलं, कोणत्या सालचं वाजलं, पूर्ण वाजलं का तुकडा वाजला, हे दोन ओळीत तरी लिही. आणि जमलं तर पुरवणीचं एक अख्खं पान चरणजीत सिंग यांच्यावर काढा. मुंबईचे हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे वादक, १९८२ साली त्यांनी रोलंडची तीन यंत्रं घेऊन, त्यातलं एक तेच बेसचं मशीन ज्याच्यावर पुढे शिकागोत अॅसिड हाउस उभं राहिलं, भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवले. रेकॉर्ड तेव्हा चालली नाही. २०१० मध्ये परदेशात ती परत निघाली आणि सत्तरीतला हा माणूस युरोपात स्टेजवर जाऊन तेच राग वाजवून आला, २०१५ मध्ये गेला. तिकडच्या डीजेंनी ती रेकॉर्ड आनंदाने वाजवली पण त्यांना त्यात ललत कुठे सुरू होतो आणि तो सकाळचा राग का, हे काय कळणार, ते तुमच्या वाचकांना कळतं. आपल्याकडच्या एखाद्या डीजेने पहाटेच्या सेटला ती लावली, पूर्ण लावली, तर मी तिकीट काढून येईन, नाचता येत नसलं तरी.

आपला,
एक वाचक, पुणे