कांद्याची माळ आणि रॉस्कॉफ

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला फ्रान्सवरचा लेख वाचला. त्यात पॅरिस आहे, आयफेल टॉवर आहे, लूव्र आहे. ते असायलाच हवे. पण त्याच देशाच्या वायव्य टोकाला, ब्रिटनीच्या किनाऱ्यावर, रॉस्कॉफ नावाचे साडेतीन हजारांच्या आसपास वस्तीचे बंदर आहे. मुलीच्या शिक्षणामुळे आम्हा नवराबायकोला तिथे आठ दिवस राहता आले. आम्ही अलिबाग तालुक्यातले, पिढ्यान्‌पिढ्या पांढरा कांदा लावणारे, म्हणून हे पत्र.

रॉस्कॉफचा कांदा गुलाबी, चवीला गोडसर. तोही आपल्यासारखाच माळेत विणतात. 1828 साली आंरी ओलिव्हिए नावाचा तिथला तरुण काही सोबत्यांना घेऊन, होडीत कांदा भरून खाडीपलीकडे इंग्लंडात प्लिमथला गेला आणि सगळा माल खपवून परत आला. मग गावाने तीच वाट धरली. जुलैत बंदरावरच्या टेकाडावर संत बार्बराच्या पांढऱ्या देवळात जत्रा होई; ती आटोपली की माणसे निघत. महिनोन्‌महिने परमुलखात, भाड्याच्या गोदामात कांद्याशेजारीच झोपायचे, दिवसभर खांद्यावरच्या काठीला माळा लटकवून दारोदार हिंडायचे. पुढे सायकली आल्या. त्यांच्यात अगदी कोवळी पोरेही असत. इंग्रज गिऱ्हाइकांनी त्या सगळ्यांना एकच नाव दिले : जॉनी. 1929 साली असे सुमारे 1400 जॉनी ब्रिटनमध्ये फिरत होते आणि त्यांनी 9000 टनांहून जास्त कांदा विकला. वेल्समध्ये तर त्यांचा चांगलाच जम बसला, कारण त्यांची ब्रेटन आणि तिथली वेल्श या भाषा सख्ख्या नाही तरी चुलत बहिणी आहेत.

या धंद्याने माणसेही गिळली. नोव्हेंबर 1905 मध्ये हंगाम संपवून घरी निघालेले जॉनी ‘हिल्डा’ या बोटीवर होते. ब्रिटनीतल्याच सॅं-मालो बंदराच्या तोंडाशी, घर इतके जवळ आलेले असताना, ती खडकावर फुटली. शंभराहून अधिक माणसे गेली, वाचली फक्त सहा. बुडालेल्यांत सत्तरच्या आसपास कांदेवाले होते. हे वाचताना माझ्या घशाशी आवंढा आला.

गावात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. सोळाव्या शतकातल्या चर्चच्या भिंतींवर दगडात कोरलेली गलबते आहेत, घंटाघरावर दगडी तोफा आहेत. जहाजमालकांच्या पैशातून ते देऊळ उभे राहिले, हे कुणी सांगावे लागत नाही. 1548 साली पाच वर्षांची स्कॉटलंडची राणी मेरी इथेच उतरली, असे मानतात. 1872 साली लाकाझ-द्युतिए या प्राणिशास्त्रज्ञाने सुरू केलेले सागरी जीवशास्त्राचे केंद्र आजही जोरात आहे. समोरच्या बा बेटावर उबदार सागरी प्रवाहामुळे चक्क माड-पोफळीच्या जातकुळीतली झाडे वाढतात. ओहोटीला पाणी इतके मागे हटते की बेटाची होडी गाठायला समुद्रात लांबवर बांधलेल्या पुलावरून चालत जावे लागते. कुलाबा किल्ल्याला ओहोटी बघून पायी जाणाऱ्या आम्हा अलिबागकरांना हे सगळे ओळखीचे वाटले.

पण माझ्या मनात घर केले ते जॉनींच्या संग्रहालयाने. कुणा सरदाराचा वाडा नाही, कांदे विकणाऱ्यांचे घर! त्यांचे फोटो, त्यांच्या काठ्या, त्यांच्या गोष्टी. तिथल्या बाई माळ विणून दाखवत होत्या. माझ्या पत्नीने नुसत्या खुणेने विचारले आणि पुढचे चार कांदे आपल्या पद्धतीने ओवले. त्या बाईंनी ती माळ हातात घेऊन उलटसुलट पाहिली, मग पुन्हा सोडवून बघितली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी अर्धा तास त्यांचे चालले होते.

त्यांच्या कांद्याला 2009 साली फ्रान्सचे मूळस्थानाचे मानांकन मिळाले. आपल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्यालाही भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण त्यांनी कांद्याबरोबर माणसांचीही नोंद ठेवली. आपल्याकडे खंडाळे, कार्ले भागात माळा विणणाऱ्या बायका हंगामात रात्री उशिरापर्यंत बसतात. कोणत्या जाडीची पात कुठे वळवायची, हे त्यांच्या बोटांना ठाऊक असते. मुंबईचा पर्यटक माळ गाडीत टाकून जातो, विणणारीचे नाव कुणी विचारत नाही. माझ्या आईने साठ वर्षे माळा विणल्या. तिचा विणतानाचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

आपल्या पुरवणीत रॉस्कॉफसारख्या गावांना जागा द्यावी, ही विनंती. आणि येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कांदा काढणीला आला की आपला वार्ताहर आणि छायाचित्रकार आमच्याकडे पाठवावा. विणणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी काही जणी अजून आहेत.

आपला,
एक कांदा उत्पादक वाचक
खंडाळे, ता. अलिबाग, जि. रायगड