एस्क्रोचा हिशेब समजावून सांगणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही हाउसिंग ऑथॉरिटीत (घरभाड्यासाठी सरकारी मदत देणाऱ्या स्थानिक संस्थेत) 'फॅमिली सेल्फ-सफिशियन्सी', म्हणजे कुटुंब स्वावलंबन, योजनेच्या समन्वयक, आम्ही न्यू जर्सीत भाडेकरूंचे अर्ज भरून देणारी मराठी मंडळी. तुमचे आभार चारचौघांत मानायचे, कारण तुमचं काम कागदावर दिसत नाही.

व्हाउचरवरच्या, म्हणजे भाड्यासाठी सरकारी मदत मिळणाऱ्या, कुटुंबाचं भाडं साधारण मिळकतीच्या ३० टक्के. पगार वाढला की भाडंही वाढतं, म्हणून माणसं नोकरी धरायला कचरतात. त्यांना आळशी म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा मांडून बघावं. १९९० पासूनच्या या योजनेत वाढीव भाडं भरावं लागतंच, पण पगारामुळे वाढलेल्या भाड्याइतकी रक्कम ऑथॉरिटी कुटुंबाच्या नावे एस्क्रो खात्यात, म्हणजे योजनेचा करार पुरा केल्यावर हाती येणाऱ्या राखीव ठेवीत, जमा करते. समजा, आधी महिन्याला ४०० डॉलर वेल्फेअर (गरजूंना मिळणारी सरकारी रोख मदत) आणि १२० भाडं होतं. मग १,४०० ची नोकरी लागली, वेल्फेअर थांबलं, भाडं ४२० झालं. वजावटी बाजूला ठेवल्या तर महिना ३०० जमा, म्हणजे वर्षाला ३,६००.

तुमचा खरा उपकार क्रमाचा. आधी योजनेच्या करारावर सही, मग नोकरी, हे तुम्ही पहिल्याच भेटीत बजावता. करारात त्या वेळची कमाई पायाभूत म्हणून लिहिली जाते आणि पुढची वाढ तिच्यावरच मोजतात. नोकरी आधी लागली, तिची नोंद झाली आणि सही मागाहून केली, तर पायाच उंच होतो आणि खात्यात चिल्लर पडते. वाढ कमाईचीच लागते, हेही तुम्ही सांगता. मुलांची पोटगी किंवा सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) वाढली तर भाडं चढतं, एस्क्रो नाही.

फूड स्टॅम्प (किराण्यासाठीची सरकारी मदत) सोडावे लागतील, या धास्तीने कितीतरी जणी मागे फिरतात. तुम्ही त्यांना थांबवता. सरकारी मदतीच्या बाबतीत, करार पुरा होताना घरात कुणी रोख वेल्फेअर घेत नसावं, एवढीच अट. फूड स्टॅम्प आणि मेडिकेड (गरजूंचा सरकारी आरोग्यविमा) त्यात धरत नाहीत. कराराच्या मधेच गाडीची दुरुस्ती किंवा कोर्सची फी यांसाठी काही रक्कम मागता येते, हे तर अनेकांच्या गावीही नसतं.

मिळकत लपवली तर थकबाकी शेवटी खात्यातूनच कापली जाते, आणि करार अर्धवट सोडला तर शिल्लक हातची जाते. हे तुम्ही गोड शब्दांत सांगत नाही, ते बरंच करता. वर्षातून एकदा खात्याचा हिशेब कुटुंबाला द्यावाच लागतो. तुम्ही मात्र त्यातली ओळन् ओळ सोबत बसून वाचता.

करार ५ वर्षांचा असतो. योग्य कारण असेल तर आणखी २ वर्षं मिळू शकतात, पण मागणी लेखी हवी. असे काही अर्ज आमच्याकडे तयार आहेत, पुढच्या आठवड्यात घेऊन येतो.

आपली ऋणी,
अर्ज भरून देणारी मंडळी