नॅशव्हिलचे काउंटर आणि नागपूर

महोदय,

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या मराठी पालकांसाठी वृत्तपत्रांत जे लेख येतात, त्यांत तिथल्या खाण्याचा विषय बर्गर, पिझ्झा आणि सोबत न्यायच्या भाजणी-मेतकुटापाशीच संपतो. नॅशव्हिलमध्ये अनेक वर्षे राहणारा वाचक म्हणून मला हे खटकते, कारण अमेरिकेच्या दक्षिणेत घरगुती जेवणाची भक्कम परंपरा आहे आणि तिचा एक धागा थेट महाराष्ट्राशी जोडलेला आहे.

इथल्या साध्या खानावळींना ‘मीट अँड थ्री’ म्हणतात. ट्रे घेऊन रांगेत उभे राहायचे, तो काउंटरवरून सरकवत न्यायचा आणि एक मांसाहारी पदार्थ व तीन जोडपदार्थ वाढून घ्यायचे. मॅकरोनी आणि चीजही इथे खुशाल भाज्यांच्या यादीत असते! 1982 मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नोल्ड्स कंट्री किचन’ला 2009 मध्ये खाद्यक्षेत्रातील मान्यवर संस्था जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा ‘अमेरिकाज क्लासिक्स’ पुरस्कार मिळाला, तो अशाच जेवणासाठी. कॉलर्डची पालेभाजी मंद आचेवर तासन्‌तास शिजते, तिच्या खाली उरलेल्या खारट-आंबूस रसात मक्याच्या पिठाचा कॉर्नब्रेड बुडवून खातात, आणि त्या घासाची चव मला कोणत्याही महागड्या हॉटेलात मिळालेली नाही. शाकाहारी मंडळींनी मात्र आधी विचारून घ्यावे, कारण पालेभाजी आणि चवळी बहुधा डुकराच्या मांसाचा तुकडा घालूनच शिजवतात.

भेंडी आणि चवळी या दोन्ही गोष्टी गुलामांच्या व्यापाराबरोबर आफ्रिकेतून इकडे आल्या, मका मूळ रहिवाशांकडून मिळाला, आणि या सर्वांतून आज ‘दक्षिणी’ म्हणून मिरवली जाणारी पाककला घडवण्यात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या हातांचा वाटा फार मोठा आहे. तरीही ज्या स्वयंपाकघरांत त्या राबत, तिथल्याच टेबलावर बसून जेवण्याची त्यांना बहुतेक ठिकाणी मुभा नव्हती.

ही बंदी नॅशव्हिलमध्ये मोडली ती विद्यार्थ्यांनी. त्यांना अहिंसक प्रतिकाराचे धडे देणारे जेम्स लॉसन हे 1953 ते 1956 या काळात मिशनरी म्हणून नागपूरला हिस्लॉप कॉलेजात होते आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी तिथे केला होता. कोणी शिवी दिली, अंगावर सिगारेट विझवली, तरी जागा सोडायची नाही आणि हातही उगारायचा नाही, याची तालीम घेऊन फेब्रुवारी 1960 मध्ये ही मुले दुकानांतल्या, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसली. मार खाल्ला, तुरुंगात गेली; लॉसन तेव्हा शिकत होते त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यांना काढून टाकले. अखेर त्याच वर्षी 10 मे रोजी शहराच्या मध्यवर्ती भागातील दुकानांनी आपली काउंटरे सर्वांसाठी खुली केली. देशभरातील उपाहारगृहांतला हा भेद बेकायदा ठरायला 1964 चा नागरी हक्क कायदा यावा लागला.

नॅशव्हिलला येणाऱ्या किती मराठी पाहुण्यांना हे ठाऊक असते? आपल्या पर्यटन पुरवणीत या खानावळींविषयी सविस्तर लेख द्यावा, आणि लॉसन यांच्या नागपुरातील वास्तव्याविषयी तिथल्या जाणकारांकडून लिहून घ्यावे, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, नॅशव्हिल (टेनेसी)