मैदान आधी, सामने नंतर

संपादक महोदय,

कोरोनामुळे मार्च २०२० मध्ये बंद पडलेली शाळांची कबड्डी पुन्हा सुरू झाली, याचा मनापासून आनंद आहे. पण सामन्यांची घाई नको. आमच्याकडच्या काळ्या मातीच्या मैदानांना बोटभर भेगा पडल्यात. चढाईत पाय तिथे अडकला की घोटा मुरगळलाच. वरवर माती टाकून भेगा बुजत नाहीत. मैदान वीतभर खणावे, धसकटं-खडे वेचावेत, चाळलेल्या मातीत कुजलेले शेणखत आणि लाकडाचा भुसा मिसळून पसरावा. पाणी मारून वाफसा आल्यावरच, म्हणजे चिखल ओसरून माती नुसती दमट राहिल्यावरच, रूळ फिरवावा. ओल्यात फिरवला तर माती रुळालाच चिकटते. रेषांना चुना नको, डोळ्यांत गेला तर इजा होते. रांगोळी बरी.

कापूस वेचणारी, डवरणी करणारी पोरं दणकट दिसतात, पण एकदम थांबण्या-वळण्याची सवय गुडघ्यांना उरलेली नसते. पहिले दोन आठवडे धावणे आणि बैठकाच; पकड त्यानंतर, तीही आधी संथ. कोरोना होऊन गेलेल्या मुलाला डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उतरवू नये.

ग्रामपंचायतीने दोन दिवस पाण्याचा टँकर दिला तरी मैदानाचे निम्मे काम उरकते.

– एक क्रीडाशिक्षक, ता. दर्यापूर, जि. अमरावती